चारशे किलो जादा

जनी गेली पहाटे साडेचारला, आणि सहा वाजेपर्यंत अख्ख्या पोशीरला दोन गोष्टी कळल्या होत्या. एक, गोमाची बायको सुटली. दुसरी, तिचा भाऊ विमानानं येतोय.

त्यातली दुसरी गोष्टच लोकांना जास्त नवलाची वाटली, आणि त्यात रागावण्यासारखं काही नाही. जनी दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, आठवड्यातून दोनदा कर्जतला नेऊन रक्त शुद्ध करून आणायचं. तिचं जाणं कुणाला अचानक नव्हतं. पण वाल्मिक आणि विमान? रसायनीच्या एका कारखान्यात वीस वर्षं पिंपं हलवलेला माणूस तो. कारखाना बंद पडल्यावर ठेकेदारानं गुजरातेत गांधीधामला नेला, तर तिथंही पिंपंच हलवायला लागला. गावाकडं यायचा तेव्हा जनरलच्या डब्यात, पाय पोटाशी घेऊन. तो आता विमानात बसणार म्हटल्यावर लोक बोलणारच.

तिकीट काढलं जनीच्या लेकीनं, जागृतीनं. आईचे डोळे मिटवले, बापाला ओट्यावर आणून बसवलं, मामाला फोन केला आणि सहाला दहा कमी असताना त्याचं तिकीट काढून टाकलं. सकाळी नऊ-चाळीसचं विमान, शेवटची एकच जागा उरलेली. ती मिळाली म्हणून पोरीला हायसं वाटलं.

मामा यायलाच हवा होता, कारण लुगडं. सवाष्ण बाई गेली की शेवटचं लुगडं तिच्या अंगावर माहेरचं पडतं, ही आपल्याकडची रीत. जनीचं माहेर खालापूरकडं, पाताळगंगेच्या काठाला. आईबाप कधीच गेलेले, घराला कुलूप. माहेर म्हणून उरला तो एकटा वाल्मिक. तरी नुसत्या रीतीपुरतं असतं तर नेरळच्या दुकानातून एक हिरवं पातळ आणून भागवलं असतं, कोण विचारतंय. पण वाल्मिकनं गेल्या दिवाळीला बहिणीसाठी लुगडं घेऊन ठेवलं होतं. रजा मिळाली नाही आणि भाऊबीज हुकली. त्याच्या आदल्या वर्षीचीही हुकलेलीच. फोनवर तो सांगायचा, "अक्का, हिरवंगार हाय, काठाला बारीक आंबे हायेत." जनी म्हणायची, "तूच घेऊन ये. कुनाच्या हाती धाडू नको." आणि गेल्या आठवड्यात, आता काही खरं नाही हे तिला उमगलं तेव्हा, लेकीचा हात धरून म्हणाली, "वाल्यानं घेतलंय ना, त्येच मला नेसवा गं. त्याच्या हातचं. दुसरं नको."

जागृतीनं शब्द दिला. मरणाऱ्या आईला दिलेला शब्द तो.

आता ही जागृती मुंबईत करते काय, ह्यावर पोशीरात दोन पक्ष होते. एक म्हणायचा ती विमान चालवते, दुसरा म्हणायचा तिकिटं फाडते. ती करायची ते कुणाला सांगून पटत नसे. विमान कंपनीच्या एका बंद खोलीत, खिडकीसुद्धा नाही अशा जागी बसून ती विमानांचे कागद बनवायची. कुठल्या वाटेनं जायचं, किती उंचीवरून, वाटेत वारा कसा, उतरायला जागा मिळाली नाही तर दुसरीकडं कुठं जायचं, आणि ह्या सगळ्याला तेल किती लागेल. तो कागद हातात आल्याशिवाय आणि त्यावर सही असल्याशिवाय कॅप्टन विमान हलवत नाही. "म्हंजे विमानाला पन रस्ता लागतो व्हय गं," असं म्हातारा कोंडाजी तिला दर गणपतीला विचारायचा आणि दर गणपतीला ती हसून हो म्हणायची.

हे कागद ती काही हातानं लिहीत नसे. कॉम्प्युटरला सांगायचं, दोन मिनिटांत कागद तयार. आणि त्या दिवशी सकाळी सव्वासहाला तोच कॉम्प्युटर बसला.

खोलीतून समीक्षाचा निरोप आला, "ताई, सिस्टिम गेली. एकही प्लॅन निघत नाहीये." समीक्षा म्हणजे जागृतीच्या हाताखाली शिकलेली मुलगी. जागृतीच्या घरी काय झालंय ते तिला ठाऊक होतं, पण मामा त्यांच्याच कंपनीच्या विमानानं येणार आहे हे ठाऊक नव्हतं. जागृतीनं निरोप दोनदा वाचला. असं एकदा झालं की एक विमान थांबतं, त्याची पुढची फेरी थांबते, त्या फेरीचे लोक थांबतात, आणि सकाळी चुकलेला तास संध्याकाळपर्यंत पाच तास होऊन बसतो. ती आजवर हे खोलीच्या आतून बघत आली होती. आज ती ओट्यावर होती, आणि आत घरात आई.

कोंडाजीनं मातीची वेळ तीनची ठरवली होती. गावातल्या प्रत्येक मयतीचं तोच बघायचा. नऊ-चाळीस झाले, विमान हललं नाही. साडेदहाला नाही, अकराला नाही. कोंडाजी दर अर्ध्या तासानं यायचा आणि तिच्यासमोर उभा राहायचा.  बारा वाजता म्हणाला, "पोरी, मे महिना हाय. बर्फाची पेटी आनलीय, पन लाईट जाऊन येऊन हाय. दिवस बुडायच्या आत उचलायला लागंल. सात म्हंजे सात. त्याच्या पुढं मी ऐकायचा नाय."

"सातच्या आत मामा येईल, आजोबा."

"बघ बाय. तुझ्या भरवशावर हाय आमी."

हे भरवशावर असणं फार वाईट असतं. जागृती उठली आणि मागच्या गोठ्यात गेली. गुरं विकून चार वर्षं झाली होती, आता तिथं पेंढा आणि मोडकी सायकल. जुन्या दावणीवर बसून तिनं समीक्षाला फोन लावला.

"गांधीधामचं कुठवर आलंय?"

"ताई, अकरावा नंबर. हातानं करतोय सगळं, एकेकाला पाऊण तास जातोय. तिघंच आहोत. आणि मी ते छोट्या विमानाचं कोष्टक कधी हातानं केलेलं नाही, परीक्षेपुरतंच. तुम्ही कशाला फोन करताय आज?"

"माझा मामा आहे त्यात."

 समीक्षा म्हणाली, "तुम्ही सांगा, मी लिहिते. तुम्ही आकडे सांगितलेत तर आत्ताच घेते."

खरं तर हे करायला नको होतं. रजेवरच्या माणसानं घरात मयत असताना आकडे सांगायचे नाहीत, हे काय जागृतीला कळत नव्हतं? कळत होतं. पण बाहेर बाप बसला होता, आत आई होती, आणि अकरावा नंबर येईस्तोवर सूर्य काही थांबणार नव्हता. तिच्या हातात एक कागद होता. सकाळी तिच्या भावानं, हर्षदनं, कुणाकुणाला कळवायचं त्या नातेवाइकांची नावं त्यावर लिहिली होती. तिनं तो उलटा केला आणि पाठीमागं आकडे मांडायला लागली.

वाट सांगितली, उंची सांगितली, वारा धरला. तेलाचा हिशेब एकेक करून सांगितला आणि समीक्षा पलीकडून तो परत वाचून दाखवत गेली. आकड्यात चूक होत नव्हती. पहाटेपासून पहिल्यांदा ती रडायचं विसरली होती, कारण हे तिला येत होतं.

मग समीक्षा म्हणाली, "ताई, वजनाचं अडतंय."

अडणारच होतं. सकाळी नऊला गांधीधामला तेहतीस अंश असतात, आता बेचाळीस झाले होते. हवा तापली की पातळ होते, पंखाला हवा तितकी धरत नाही. त्यात ते विमान छोटं, धावपट्टी आखूड. सकाळी जेवढं वजन घेऊन ते सुखानं उडालं असतं तेवढं दुपारी उडू शकत नव्हतं. कॉम्प्युटर बंद पडल्याचा हा एक न दिसणारा तोटा. उशीर नुसता उशीर राहत नाही, तो वजन खातो.

"कमीत कमी तेल धरलं तर सगळे बसतात," समीक्षा म्हणाली. "अगदी काठोकाठ."

जागृतीनं डोळे मिटले. मुंबईच्या आकाशात आज काय चाललं असेल ते तिला दिसत होतं. सकाळपासून अडकलेली विमानं एकदम सुटली की उतरायला रांग लागते. रांगेत घिरट्या घालायला तेल लागतं. ते संपत आलं की कॅप्टन थांबत नाही, थेट दुसऱ्या गावाला जाऊन उतरतो. मामा मुंबईवर येईल, खाली घरं दिसतील, आणि तिथून त्याला अहमदाबादला नेऊन टाकतील. मग सातच्या आत कसला येतोय तो?

"चारशे किलो जादा घे," ती म्हणाली. "पाऊण तास थांबता आलं पाहिजे."

"चारशे म्हणजे चार जण उतरवावे लागतील, ताई. बॅगांसकट."

"उतरू देत."

तिनं ते पटकन म्हटलं. असं ती आजवर शंभर वेळा म्हणाली असेल. चार कमी, सहा कमी, एकदा तर अकरा कमी. खोलीत बसून तो नुसता आकडा असायचा. कोण उतरलं, कुठं जायचं होतं त्यांना, हे तिला कधी कुणी सांगितलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही. कागदावर सही समीक्षाची झाली. आकडा जागृतीचा होता.

गोठ्यातून बाहेर येऊन तिनं कोंडाजीला सांगितलं, "दीडला उडेल. साडेपाचला मामा दारात." वाडीवस्तीतनं जमलेली माणसं जरा सैल झाली. कुणी पाणी मागितलं, कुणी तंबाखू मळली. गोमा सकाळपासून एका शब्दानं बोलला नव्हता, तोही म्हणाला, "येतोय ना? मंग झालं."

दीड वाजून गेला. फोनवर विमानाच्या नावापुढं 'निघालं' असं आलं. तिनं ते हर्षदला दाखवलं. पावणेदोनला फोन वाजला आणि त्यावर मामाचं नाव होतं.

विमान हवेत असताना मामाचा फोन यायला नको होता. जागृतीला तो उचलायच्या आतच सगळं कळलं. कुणाला आधी उतरवायचं ह्याचा कंपनीचा नियम तिला तोंडपाठ होता. राजीखुशीनं कुणी उतरलं नाही, तर ज्यांनी तिकीट सगळ्यात शेवटी काढलं ते. आणि ते शेवटचं तिकीट, पहाटे सहाला दहा कमी असताना, तिनंच काढलं होतं.

"जागू," मामा म्हणाला. "मला उतरिवलं गं."

ती फोन कानाला धरून गोठ्याकडं गेली.

"बसलो व्हतो. पट्टा बी लावलेला. मंग एक पोरगं आलं, म्हनालं चार मानसं जास्ती झाली. मी त्याला सांगितलं, बहीन मेलीय माजी. लुगडं काडून दाखिवलं. त्या पोराच्या डोळ्याला पानी आलं बघ. पन म्हनालं, काका, वरनं कागद आलाय, माज्या हातात नाय. मी म्हनलं ह्ये तरी न्या, अर्ध्या किलोचं बी नाय ह्ये. तवर दार लावाय लागले." मामानं श्वास घेतला. "आता उद्याशिवाय विमान नाय म्हनतात. मी मिळंल त्या गाडीनं निगतो. थांबतील का गं?"

तिकडून इकडं यायला रस्त्यानं पंधरा-सोळा तास. "नाही थांबणार, मामा," ती म्हणाली.

"मंग अक्काला काय नेसिवनार?"

 तिनं फोन ठेवला आणि गोठ्याच्या कुडाला टेकून उभी राहिली. तिला आईसमोर जायची लाज वाटत होती. दुसरा शब्द नाही त्याला.

सांगायला तर हवंच होतं. ओट्यावर येऊन तिनं बापाला सांगितलं की मामा यायचा नाही, त्याला विमानात घेतलं नाही. का घेतलं नाही ते सांगितलं नाही. गोमा रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला काय सांगतीस," तो म्हणाला. "तिला सांग. सबूद तिला दिला व्हतास."

जागृती आत गेली. बायका बाजूला सरल्या. पेटीच्या काचेवर वाफ धरली होती, ती तिनं पदरानं पुसली आणि वाकून आईला सांगितलं, मामा येत नाही, लुगडं येत नाही, माझ्यानं चुकलं. हे ती इतक्या हळू बोलली की शेजारच्या बायकांनाही ऐकू गेलं नाही. मग तिला जे रडू फुटलं ते बायकांना आवरेना.

तेव्हा गौराबाई उठली. ही कोंडाजीची बायको, आणि जनीच्याच माहेरगावची लेक. दोघी एका उन्हाळ्यात लग्न होऊन पोशीरात आलेल्या. गौराबाई घरी गेली आणि ट्रंकेतलं एक हिरवं लुगडं घेऊन आली, घडीसुद्धा न मोडलेलं.

"माज्या भावानं दिलंय. माजंच व्हतं, माज्या येळंला म्हनून राखून ठिवल्यालं," ती म्हणाली. "आमी दोगींनी एकाच घाटावर पानी भरलंय. माहेरचंच हाय ह्ये."

कोंडाजी दारात उभा होता. बायकोनं स्वतःच्या मरणाचं लुगडं देऊन टाकलं हे त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "आटपा," एवढंच म्हणाला.

जनीला नेसवलं. हळदकुंकू लावलं, ओटी भरली. लुगडं चांगलं होतं, भारी होतं. काठाला आंबे नव्हते.

चार वाजता उचलली. नदीकडच्या उतारावर जागृती बायकांबरोबर वेशीपर्यंत गेली आणि तिथं थांबली. माणसं दिसेनाशी झाल्यावर तिनं फोन पाहिला. समीक्षाचा निरोप तासाभरापूर्वीचा होता. "ताई, पोचलं. थेट उतरलं, एक चक्करसुद्धा मारावी लागली नाही. आज रांगच नव्हती, अर्धी विमानं उडालीच नाहीत ना. जादा तेल सगळं तसंच परत आलंय. मामा भेटले का?"

तिला हे सुचायला हवं होतं. कॉम्प्युटर बंद म्हणजे उडणारीच विमानं कमी, मग उतरायला गर्दी कुठली? इतकं साधं होतं ते. दुसऱ्या कुणाचा मामा असता तर तिला सुचलंही असतं.

वाल्मिक दुसऱ्या दिवशी दुपारी आला, दोन गाड्या बदलून. घरात शिरताना त्यानं पिशवी छातीशी धरली होती. रिकाम्या जागेवर दिवा लावलेला होता, त्याच्यासमोर बसला. मग कुणीतरी त्याला गौराबाईचं सांगितलं. तो तसाच उठून तिच्या दारी गेला, लुगडं तिच्या हातात ठेवलं आणि पाया पडला. गौराबाई नको नको म्हणत होती. "घे," तो म्हणाला, "तुजं गेलंय ना माज्या बहिनीच्या अंगावर. भाऊबीज समज." घरी परतताना मात्र हर्षदनं त्याला हाताला धरून आणला.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला नदीवर गेले तेव्हा मामा आणि भाची मागं राहिली. नदीला पाणी कमी होतं. दगडावर बसून वाल्मिक म्हणाला, "तू जर त्या दिशी हापिसात असतीस ना जागू, तर असं झालं नसतं. तू उतरू दिलं नसतंस मला."

जागृतीला हे तीन दिवस गिळता येत नव्हतं, ते आता बाहेर पडलं. "मामा, ते मीच सांगितलं होतं. चारशे किलो तेल जादा घ्यायला मीच सांगितलं. म्हणून चौघं उतरवले. मुंबईवर थांबायला तेल कमी पडलं तर तुला भलतीकडं नेतील अशी भीती वाटली मला."

 जन्मभर पिंपं उचललेले वाल्मिकचे हात मांडीवर नुसते पडले होते. त्यानं विचारलं, "मंग लागलं का त्ये तेल?"

सात वर्षं तिनं आकडे लिहिले होते आणि त्यातला एकही खोटा लिहिला नव्हता.

"लागलं, मामा," ती म्हणाली. "सगळं लागलं."

"मंग बरं झालं," वाल्मिक म्हणाला आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आमी चौगं उतरलो म्हनून बाकीची मानसं तरी घरला पोचली."

पुढं गेलेल्या हर्षदनं हाक मारली. दोघं उठली आणि जनीच्या राखेकडं गेली.